शब्बाथचा दिवा आणि जानकीबाईचा खाडा

मित्रांनो, मी एक जुना शब्बाथचा दिवा आहे, आणि मला अजूनही राग येतो. दिव्याने शांत असावे असे म्हणतात. पण मी जे पाहिले, त्यानंतर शांत राहणे मला जमले नाही.

अलिबागजवळच्या एका बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू कुटुंबाने मला घडवून घेतले. पितळी साखळी, काचेचा पेला, त्यात पाणी, वर खोबरेल आणि वात. शुक्रवारी सूर्य मावळण्यापूर्वी मला लावायचे आणि शनिवारच्या संध्याकाळपर्यंत घरात कुणी काम करायचे नाही, हा त्यांचा शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस पाळण्याचा धर्म. लग्नानंतर रिबेकाबाई झिराडकर मला परळीला घेऊन आल्या. त्यांचे यजमान रेल्वेत गार्ड, त्या स्वतः नर्स. यजमान वारले तरी त्या तिथेच राहिल्या. परळीच्या कोळशाच्या वीज केंद्रातून उडून माझ्या काचेवर बसलेली राख रोज पुसायच्या.

एका हिवाळ्यात घरामागच्या माळावर ऊसतोड टोळीच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, पडल्या. त्यातली जानकीबाई एका शुक्रवारी कोयता लागलेला हात बांधून घ्यायला आली. मला, देवाच्या दिव्याला, पाहून ती कडवट हसली.

"माझा देवावर इस्वास न्हाई राहिला, बाई. पोटात पोर असताना मुकादमानं मोळ्या उचलायला लावल्या. पोर गेलं. दुसऱ्या दिशी पुन्हा फडात. बसलं की खाडा."

खाडा म्हणजे गैरहजेरी, आणि तिचा दंड. ते ऐकून मी संतापलो.

रिबेकाबाई पट्टी बांधत म्हणाल्या, "आमचे पूर्वज मिसर देशात गुलाम होते. त्यांना कुणी विसावा देत नव्हतं. म्हणून देवाची आज्ञा आहे, सातव्या दिवशी तू काम करू नकोस, तुझ्या गड्याने नको, दासीने नको, बैलानेही नको."

"अन् बसल्यावर खायचं काय?"

"गुलामीतून सुटून रानात भटकताना त्यांनाही हीच भीती होती. देव रोज आभाळातून अन्न पाठवायचा, सहाव्या दिवशी दुप्पट, सातव्यालाही पुरेल असं."

"तुमच्यावर अन्न पडलं. आमच्या कोपीवर राख पडती."

रिबेकाबाई रागावल्या नाहीत. "माझा नवराही प्रार्थनेने वाचला नाही. तरी मी दिवा लावते. एक दिवस हात थांबवले की कळतं, मी देवाची आहे. कामाची गुलाम नाही."

जानकीबाई पट्टी बांधलेला हात घेऊन कोपीकडे निघून गेली. पण पुढच्या शुक्रवारीही आली, आणि हात मांडीवर ठेवून माझ्याकडे पाहत बसली. मग दर शुक्रवारी येऊ लागली.

एका शनिवारी टोळीतल्या गरोदर सुनिताला फडात चक्कर आली. तरी मुकादम रामेश्वर तिला मोळी उचल म्हणत होता. जानकीबाईने कोयता खाली टाकला आणि सुनिताला धरून आमच्याकडे आणले. बाकीच्या बायाही काम सोडून बसल्या. मागोमाग मुकादम दारात आला.

"बाई, आमच्या बायांना का म्हून भडकवता?"

जानकीबाई पुढे झाली. "त्यांनी न्हाई भडकवलं. बैल लंगडला तर तू त्याला सोडतोस. ही तर बाई हाय."

"तुझा कोयता टोळीतून बंद. मग खाशील काय?"

"देव बघंल," ती म्हणाली. "माझा इस्वास त्याच्यावर हाय. तुझ्यावर कधीच नव्हता."

ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी; रामेश्वरने त्या दोघांना खरेच काढले. नवऱ्यासह ती युसूफ वडगावला परतली आणि लोकांच्या रानात खुरपू लागली. तिचे हाल झाले. पण इकडे तोडलेला ऊस वाळत पडला, बाया उठेनात, तेव्हा मुकादमाला नमावे लागले. सुनिताला बाळंतपणापर्यंत सुटी मिळाली. तिची मुलगी आरोही सुखरूप जन्मली.

पुढे थकलेल्या रिबेकाबाईंना पुतण्या ठाण्याला घेऊन गेला. मला त्याने काचेच्या कपाटात टांगले आणि आत विजेचा बल्ब बसवला. पाहुणे माझे फोटो काढत, वाहवा करत. त्या कौतुकाची मला चीड यायची.

एका शुक्रवारी जानकीबाईचा फोन आला. "बाई, कामं आटपली. उद्या कुणाच्या रानात जायची न्हाई. देवापुढं दिवा लावून बसले. तुमी लावला का?"

 रिबेकाबाईंनी पुतण्याला कपाट उघडायला लावले, बल्ब काढला आणि पेल्यात तेल ओतून वात लावली.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, एवढेच मी सांगणार नाही. तुमच्या घरी, तुमच्या रानात जो राबतो, त्याला आधी बसू द्या. तो उभाच असेल, तर मला लावू नका.