वरची खोबण

दुसऱ्या दिवसापासून कुरण बंद होणार होतं. उन्हाळ्यात वणवे लागतात, म्हणून पाऊस पडेपर्यंत कुणाला आत सोडत नाहीत. आणि पाऊस पडला की माझा चातुर्मास. तेव्हा मी गावाबाहेर पाऊल टाकत नाही. म्हणजे दगड चढायचा तर आजच, नाहीतर पुढच्या हिवाळ्यात.

दगड काही डोंगराएवढा नाही. धुळ्याबाहेर, लळिंगच्या अलीकडे, टेकडीवरून कधीकाळी गडगडत आलेला काळा पत्थर, दोन पुरुष उंच. इथे दोर लावत नाहीत. खाली जाड गादी टाकायची, हाताला चॉकची भुकटी चोळायची आणि चढायचं. माझा धाकटा दीर, तरुण त्याचं नाव, कॉलेजच्या मुलांबरोबर हे शिकला आणि एकदा मलाही घेऊन आला. "भाभी, तुम्ही वर्षीतप करता, तुमच्यापुढे हा दगड काय चीज आहे?"

ते वर्षभराचं, दिवसाआड उपवासाचं तप पार पडलं. दगडाने मात्र हिवाळाभर मला शेवटच्या पकडीखालून परत पाठवलं. वर बोटं जातील एवढी एक खोबण आहे. ती धरली की झालंच.

सकाळी मला जमत नाही. आधी सामायिक, दोन घटका बसून ध्यान, मग घरचं. दुपारी दगड तव्यासारखा तापलेला. तो निवतो ऊन टेकडीआड गेल्यावर, आणि तेव्हा माझा चौविहार तोंडावर आलेला असतो. सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही नाही. गेटवरचे अभिमनभाऊ बाहेर निघायची शिट्टी वाजवतात तेही तेव्हाच. त्या मधल्या चिंचोळ्या वेळात काय ते करायचं.

मी पूंजणीच्या मऊ लोकरीने खालच्या पकडींवरच्या मुंग्या हळूच बाजूला केल्या, नवकार म्हटला आणि चढले. त्या दिवशी पाय कुठे घसरलाच नाही. हात वर टाकला आणि बोटं खोबणीत गेली. गेली!

पण आत दगड नव्हता. कोरडी, गोल माती लागली. कुंभारीण माशीचं घर. भार टाकला असता तर चुरा झाला असता. मी हात सोडला.

"भाभी! धरली होती की!" तरुण व्हिडिओ काढत होता, तो फोन खाली करून ओरडला. "सोडली का?"

"आत कुंभारणीचं घर आहे. तोंड लिंपलेलं. पिल्लं असणार."

त्याने कपाळावर हात मारला. "लिंपलंसुद्धा का तिने?"

"म्हणजे? तुला ठाऊक होतं?"

तो उगाच गादीचा कोपरा सरळ करू लागला. "गेल्या रविवारी मागच्या बाजूने वर जाऊन डोकावलो, तेव्हा नुसतं ओल्या मातीचं कडं होतं. आत काही नव्हतं."

"मग तेव्हाच काढलं का नाहीस?"

"मागे मी एक डास मारला, तर तुम्ही माझ्यासाठी आयंबिल केलंत. दिवसभर बिनतेलाचं, बिनमिठाचं. आई माझ्याशी बोलेना. म्हटलं, हे तर अख्खं घर! भाभी अठ्ठाईच करतील, आठ दिवस उपास."

रिकामं कडं. बोट फिरवलं असतं, तर माशीने दुसरीकडे बांधलं असतं.

"रिकामं होतं ना रे!" माझा आवाज एवढा चढला की झुडपातली होल्यांची जोडी उडाली. "विचारायचं होतंस मला!"

"आणि ती बया काय करते ठाऊक आहे? पोरांच्या पोटासाठी जिवंत अळ्या कोंबते आत. तिलाही द्या एकदा जीव न मारण्याचं पचक्खाण."

एरवी मी हसले असते.

"काडी आहे माझ्याजवळ," तो हळूच म्हणाला. "तुम्ही तिकडे तोंड करा."

मला तोंड वळवावंसं वाटलं. खरंच वाटलं. "नको," म्हटलं, पण ते रागानेच.

मग खोबण सोडून डावीकडच्या कडेवरून प्रयत्न केला. ती कड गुळगुळीत. पडले. पुन्हा चढले, पुन्हा पडले. बोटांची सालं निघाली. पाण्याच्या बाटलीकडे वळले तेव्हा सूर्य बुडालेला होता.

अभिमनभाऊ शिट्टी वाजवत आले. "व्हयनं का, ताई?"

"नाही."

"माशीने घर बांधलंय वर," तरुण म्हणाला.

"बठ्ठा कुरणमा इतला दगड शेतस, अन् तिले हाऊच सापडना?"

एवढ्या दगडांतून तिला हाच का, हे मीही मघापासून विचारत होते. कुणाला, ते कळत नव्हतं.

गेटपाशी ते कुलूप लावू लागले तेव्हा मी थांबले. "भाऊ, उद्या सकाळी एकदाच सोडाल का? अगदी पहाटे येईन." सामायिकाचं काय करणार होते, कोण जाणे.

"नई जमाव, ताई. साहेब ऱ्हातस."

"आणि सोडलं, तरी ती पिल्लं सकाळी उठून जाणार आहेत का?" तरुण म्हणाला.

मी गादी पाठीला बांधून त्याच्या मागे गाडीवर बसले. घसा कोरडा पडला होता.

"चल," म्हटलं, "आणि वाटेत एक शब्द बोलू नकोस."