कपाट कोणी उचललं?

मित्रांनो, मी एक जुनं लोखंडी कपाट आहे. बाईंच्या वडिलांनी मला स्वतःच्या हातांनी घडवलं आणि लेकीला दिलं. तेव्हा माझा हिरवा रंग पाहून लोक तोंडभरून कौतुक करत. आता रंगाचे पोपडे उडालेत, पण बाईंचा जीव अजून माझ्यात आहे.

यंदा आम्ही घर बदललं. नवं घर तिसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद. बाई जुनं घर झाडायला मागे थांबल्या. सामान निघताना त्यांनी मास्तरांना, म्हणजे आपल्या नवऱ्याला, बजावलं, "पाठ सांभाळा. हमाल बोलवा."

हमाल आलेच नाहीत. मग मास्तरांनी आणि त्यांच्या धाकट्या भावाने मला उचललं, तेही भरलेलं! "रिकामं करत कोण बसणार?" म्हणे. दोघांना ब्रह्मांड आठवलं. संध्याकाळी मास्तर म्हणाले, "हमालांनी आणलं." माझं दार कुरकुरलं, पण कुणी लक्ष दिलं नाही.

दुसऱ्याच दिवशी मास्तरांची नेहमीची रक्ततपासणी होती. रिपोर्ट आला: लिव्हरची एन्झाइम्स थोडी वाढलेली.

"खरं सांगा, चोरून पिता का?"

"अगं, शप्पथ! थेंबाला शिवलो नाही."

"मग लिव्हर उगीच रुसलं?"

बाई माझ्या दाराआड तोंड लपवून रडल्या. मला फार वाईट वाटलं. मला तोंड असतं, तर तेव्हाच सगळं सांगून टाकलं असतं.

तळमजल्यावरच्या डॉक्टरीणबाई रिपोर्ट पाहायला वर आल्या. दारू, गोळ्या, टॉनिक, सगळं विचारून झालं. मग म्हणाल्या, "तपासणीच्या आधी काही जड उचललं होतं?"

धाकटा भाऊ छताकडे बघू लागला. मास्तर माझ्याकडे.

"ते... कपाट. भरलेलं."

"आणि हमाल?" बाईंनी विचारलं.

"मीच."

डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. "अहो, ही एन्झाइम्स स्नायूंतही असतात. अंगमेहनतीनेही वाढतात. दोन आठवडे जड काम बंद, मग पुन्हा तपासू. तरी वाढलेलीच आली, तर कारण शोधू. घाबरायचं नाही, पण दुर्लक्षही करायचं नाही."

दुसरा रिपोर्ट चांगला आला. बाईंनी मास्तरांच्या पाठीला मलम चोळलं आणि चोळता चोळता चांगलं फैलावरही घेतलं.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. कपाट हलवण्याआधी ते रिकामं करा, आणि डॉक्टरांसमोर बसलात की मन. जमलं तर आम्हा म्हाताऱ्यांच्या बिजागरीला थोडं तेलही घाला. मास्तर परवा बाटली घेऊन आलेही होते, पण बाईंनी हात धरला.

"राहू द्या. खोटं ऐकलं की कुरकुरणारं घरात कुणीतरी हवंच."