दोन मुठी युरिया

एसटीत गर्दी नव्हती, तरी सहदेव पिशवी शेजारच्या सीटवर ठेवायला तयार नव्हता. पोलादपूरला गाडी बदलतानाही त्याने ती छातीशीच धरली होती. आत जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेल्या तीन नासपती होत्या. महाडच्या दवाखान्यात त्याचा थोरला भाऊ येसाजी शेवटच्या दुखण्याने पडून होता. मागतील ते खायला द्या, असं डॉक्टर म्हणाले होते, आणि येसाजीने आपल्या झाडाचं फळ मागितलं होतं.

कुडपणच्या पठारावर नासपती धरायची नाही, असं सगळा गाव म्हणत असताना येसाजीने हट्टाने ते कलम लावलं होतं. शेणखत आणि चुलीतली राख, याउप्पर त्याला काही घालायचं नाही, हे आजारी पडल्यावर त्याने धाकट्याला बजावलं होतं. पण सहदेवाला धीर कुठला! दादाच्या हयातीत फळ धरायला हवं होतं. भातावर युरिया फेकून झाला की उरलेल्या दोन मुठी तो झाडाच्या बुंध्यात टाकायचा. दादांना विचारून तरी टाका, असं बायको, रखमा, सांगत राहिली. त्याने ऐकलं नाही. झाड पानांनी नुसतं माजलं. फळं आली मोजकीच, पण अशी टपोरी की बघत राहावं.

दवाखान्यात येसाजीच्या मुलीने, तेजश्रीने, पहिलं फळ कापलं. आतून तपकिरी, लिबलिबीत. दुसरंही तसंच. सहदेवाने घाईघाईने तिसरं पुढे केलं. तिसऱ्याचा गाभा गेलेला होता, सालीलगत तेवढ्या दोन फोडी पांढऱ्या निघाल्या.

येसाजी पडल्या पडल्या सगळं बघत होता.

"पानं लय झाली असतील, नाय?"

सहदेवाने मान हलवली.

"भाताचं खत घातलंस."

दादाने आता चार शिव्या घालाव्यात, असं सहदेवाला फार वाटलं. येसाजीने फोड तोंडात धरली. त्याला चावायलाही बराच वेळ लागला.

"फुडच्या साली राख घाल," तो म्हणाला. "गोड हाय रे."

उरलेली फोड तेजश्रीने काकांच्या हातावर ठेवली. सहदेवाने ती चावली. पाण्यापलीकडे तिला कसलीच चव नव्हती. येसाजी त्याच्या तोंडाकडे बघत होता.

"व्हय दादा," सहदेव म्हणाला, "गोड हाय."