कोलार रोडवरचा अरबी समुद्र

मी एक डबा बोलतोय. नाक मुरडू नका. पंचवीस लिटरचा, पांढरा, निळ्या झाकणाचा डबा. आणि माझ्या पोटात अरबी समुद्र आहे. अख्खा मावला असता, पण अंबरीशने झाकण लावायची घाई केली.

माझा जन्म पिथमपूरच्या एका कारखान्यातला. एकाच साच्यातून निघालेली आम्ही शेकडो भावंडं. बरीचशी फिनाईलच्या धंद्यात गेली. आम्हा पाचजणांना मात्र भोपाळच्या अंबरीशने उचललं. हा सरकारी कंपनीतला इंजिनिअर, कोलार रोडवर राहणारा. त्याला खाऱ्या पाण्यातले मासे पाळायचे होते. दुकानदार म्हणाला, मिठाची पिशवी घ्या, पाण्यात कालवा, झालं. पण अंबरीशची आई, विमलताई, कोकणातल्या हर्णैची. लग्न होऊन तीस वर्षांपूर्वी इकडे आली ती इथलीच झाली. तिने एका वाक्यात निकाल दिला, "माझ्या घरात खोटा समुद्र नको."

म्हणून मे महिन्यात आमची स्वारी हर्णैला. काशिनाथ नावाच्या होडीवाल्याने आम्हाला बंदरापासून लांब, नितळ पाण्यात नेलं. अंबरीश सुती पंच्यातून पाणी गाळून भरत होता. काशिनाथ वल्हं धरून बघत बसला. "तुमच्या भोपाळात मीठ भेटत नाय काय, सायेब?"

परतीच्या वाटेवर नाक्यावर पोलिसाने गाडी थांबवली. "इसमें क्या है?"

"समुंदर है, साहब."

"पूरा?"

पूरा! कसं ओळखलं त्याने? पुढे नर्मदेच्या पुलावर मी वाकून नमस्कारही केला. खोटं वाटत असेल तर अंबरीशच्या बायकोला, दीप्तीला विचारा. मी तिच्या पायावरच आडवा झालो होतो.

चार भावांनी टाकी भरली. मी राखीव. पावसाळ्यात किनाऱ्याचं पाणी गढूळ, ते चालत नाही. दिवाळीपर्यंत जे काही होईल ते माझ्यावर निभवायचं होतं. अंबरीशने माझ्या पोटावर ठसठशीत लिहिलं: "हात लावू नये. आई, तूसुद्धा."

महिनाभर टाकीतलं पाणी मुरू दिलं. मग साकेत नगरच्या दुकानातून दोन क्लाऊनफिश आले. केशरी अंगावर पांढरे पट्टे. थोराड होती ती मादी, म्हणून विमलताईने नावं ठेवली वहिनी आणि भाऊजी. दोघंही काचेतच जन्मलेली, मिठाच्या पिशवीवर वाढलेली. समुद्र त्यांच्या बापजन्मात त्यांनी पाहिला नव्हता. तो दाखवला आमच्या खानदानाने. सांगून ठेवतो.

आणि आली नारळी पौर्णिमा. तीस वर्षं विमलताईने घरच्या कलशापुढे नारळ ठेवून समाधान मानलं होतं. या वेळी समुद्रच बैठकीत! ती नऊवारी नेसली. नारळ टाकीत मावेना, तो काचेशी ठेवला. हात जोडले, डोळे मिटले आणि चिमूट चिमूट हळद-कुंकू पाण्यात सोडलं. हर्णैला मुठीमुठीने जायचं, मासा कधी शिंकलासुद्धा नाही.

पण हर्णै मोठं. टाकी लहान.

पाणी पिवळं झालं, मग तांबूस. भाऊजी पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करू लागले. वहिनी तर एका कुशीवर कलल्या.

दीप्ती स्वयंपाकघरातून धावत आली. "आई, काय केलंत हे!"

"अगं, समुद्राची पूजा केली." विमलताई काचेवर वाकली. "मी मारलं गं त्यांना."

अंबरीश अरेरा कॉलनीत ऑफिसच्या मीटिंगला, फोन बंद. विमलताईने माझ्याकडे पाहिलं. माझ्या पोटावरची ओळ वाचली. पुन्हा वाचली. मग पदर खोचला.

"दीप्ती, नवी बादली आण. जाळी आण. बुडबुड्याची नळी काढ टाकीतून, धुऊन घे."

"पण आई, अंबरीश म्हणालाय..."

"तो इंजिनिअर आहे. मी हर्णैची आहे. धर डब्याला खालून!"

मला उचललं दोघींनी! झाकण फिरलं आणि तीन महिने कोंडलेला समुद्र भसाभसा बादलीत उतरला. तेच पाणी, तोच खारेपणा, आणि टाकीशेजारी उभा राहिल्याने तितकाच कोमट. विमलताईने जाळीने आधी वहिनींना उचललं, मग भाऊजींना. बुडबुडे सुरू केले आणि ती बादलीपाशी मांडी घालून बसली. नैवेद्याचा नारळीभात तसाच झाकलेला.

संध्याकाळी अंबरीश आला. मी रिकामा, आडवा.

"आई! डब्यावर लिहिलं होतं ना?"

"चष्मा नव्हता," विमलताई म्हणाली. चष्मा नाकावरच होता. "ओरडू नकोस. वहिनी आत्ताच सरळ झाल्यात."

बादलीत वहिनी डौलात गोल फिरत होत्या, भाऊजी मागे मागे. अंबरीशने वाकून बादलीत पाहिलं. त्याने फिल्टरमध्ये कोळसा भरला. टाकीचं पाणी निवळायला आठवडा लागला. तोवर दोघंही माझ्या समुद्रात मजेत राहिली.

यंदा मी पुन्हा हर्णैहून भरून आलोय. पोटावरची जुनी ओळ अंबरीशने स्वतः पुसली आणि लिहिलं: "आईचा समुद्र." काल नारळी पौर्णिमा झाली. पूजा माझी! हळद-कुंकू बाहेरून, झाकण घट्ट, विमलताईचे हात जोडलेले. काचेमागून वहिनी बघत होत्या.

कधी कोलार रोडला आलात तर दर्शनाला या. हळद-कुंकवाची वाटी तेवढी दाराबाहेर ठेवा. नारळ मात्र आणा. आम्हा समुद्रांना तो चालतो.