ओर्लीनचा पांढरा झगा

डोळ्यांवरच्या पट्ट्या सुटल्या तेव्हा इस्मेला उजेडाचीच भीती वाटली. प्रार्थनाघरामागच्या अंधाऱ्या खोलीत ती उपाशीपोटी जमिनीवर पडून होती. सेंट व्हिन्सेंट बेटावर आमच्या मंडळीतला माणूस असाच पडून आत्म्याने प्रवासाला जातो. परतल्यावर जे दिसलं ते सगळ्यांपुढे सांगायचं, त्यातलं काही गाळायचं नाही आणि पदरचं काही घालायचं नाही. तिकडे ज्या रंगाचं वस्त्र मिळेल, तो रंग जन्मभर अंगावर.

"ऊठ, पोरी," मदर व्हर्लिन म्हणाल्या. पट्ट्या बांधायच्या त्यांनी, सोडायच्याही त्यांनीच. "मला नको सांगूस. बाहेर सगळ्यांपुढे सांग."

इस्मेच्या अंगात पांढरा झगा होता. तो तिच्या बहिणीचा. ओर्लीन तो घालून बाप्तिस्म्याला नदीत उतरली होती, आणि मरताना म्हणाली होती, मला यातच पुरा. इस्मेने तिला विटक्या, फुलाफुलांच्या फ्रॉकात पुरलं. एवढं चांगलं कापड मातीत घालायचं तिच्या जिवावर आलं. ओर्लीनची मुलगी केझाया तेव्हा दुसऱ्या बेटावर कामाला होती. ती आल्यावर इस्मेने सांगून टाकलं, झगा कसरीने खाल्ला. मग तो उसवून, बाह्या बदलून आपल्या मापाचा केला.

प्रार्थनाघर खच्चून भरलं होतं. इस्मे अनवाणी, हातात मेणबत्ती घेऊन उभी राहिली.

"मी एका नदीपाशी गेले," ती म्हणाली. "तळाचा खडा न्‌ खडा दिसत होता. बाया झगे धूत होत्या, साबण नाही, काही नाही, आणि कापड असं पांढरं निघत होतं की बघवेना."

"मला पत्ता दे गं तिथला!" मागून धोबीण फिलिडा ओरडली. सगळे हसले.

"पलीकडे शहर. दिवा नाही, सूर्य नाही, तरी लख्ख. वेशीत देवाच्या कोकराशेजारी एकजण उभा होता."

"पुढे चल, बहिणी, पुढे!"

इस्मे थांबली. वेशीतल्या माणसाने तिच्या झग्याची खालची दुमड उलटून पाहिली होती. आत लाल दोऱ्याचा बारीक क्रूस होता. ओर्लीन आपल्या प्रत्येक कपड्याला तो घालायची. "हा कुणाचा?" एवढंच त्याने विचारलं होतं. आणि बाजूला, भिंतीच्या आडोशाला, ओर्लीन उभी होती. विटक्या फ्रॉकावर दोन्ही हात घट्ट धरून, कुणी पाहू नये म्हणून.

"मावशी," केझाया पुढच्या बाकावरून उठली, "आई दिसली?"

"दिसली."

"काय होतं गं तिच्या अंगात?"

"पांढरं," इस्मेच्या तोंडून गेलं.

घंटा वाजली. टाळ्यांचा गजर झाला. केझाया ओंजळीत तोंड लपवून रडली आणि रडता रडता हसली. मदर व्हर्लिननी हात उंचावला, "मग इस्मेच्या अंगावरही जन्मभर पांढरंच!"

केझायाचं ते हसणं इस्मेला सोसलं नाही. मेण बोटांवर ओघळत होतं, तरी हात हलेना. मग ती खाली वाकली, झग्याची दुमड उलटली आणि केझायापुढे धरली.

केझायाने तो क्रूस ओळखला. बराच वेळ ती त्यावरून अंगठा फिरवत राहिली.

"कसरीने खाल्ला म्हणाली होतीस."

"मी ठेवून घेतला. ती वेशीबाहेर उभी आहे, बाळा. घरातल्या फ्रॉकात."

"लाजत होती?"

"हो."

घंटा पुन्हा वाजली नाही. मदर व्हर्लिननी मेणबत्ती इस्मेच्या हातातून काढून घेतली. "तुझा प्रवास संपलेला नाही," त्या म्हणाल्या. "परत आत जा. झगा इथे ठेव."

खोलीत इस्मे जुन्या परकरात जमिनीवर आडवी झाली. पट्टी बांधायला मदर व्हर्लिन वाकल्या, तेवढ्यात केझाया आत आली. तिने ती त्यांच्या हातातून घेतली.

"मी बांधते."

तिने गाठ मारली. हवी होती त्याहून घट्ट.

"आता गेलीस की आईला आधी शोध," केझाया म्हणाली, आणि दार ओढून बाहेर गेली.