कुंपणाचा आसार

नुरपेयिसने ‘आसार’ हा शब्द वापरला नसता तर त्या रविवारी आमच्या गल्लीतलं एक माणूसही फावडं घेऊन बाहेर पडलं नसतं.

आमच्याकडे कुणी घर बांधायला काढलं, कुणाचं छप्पर बर्फाच्या भाराने खचलं, की तो माणूस दारोदार जाऊन सांगतो, “उद्या माझ्याकडे आसार आहे.” मग सगळ्यांनी जायचं. मजुरी नाही. बोलावणाऱ्याने पोटभर जेवू घालायचं आणि पुढे आपल्याकडे काम निघालं की त्याने यायचं. आसाराला नाही म्हणत नाहीत. काय काम आहे, किती वेळ लागेल, असंही विचारत नाहीत. तसं विचारणं म्हणजे बोलवायला आलेल्या माणसाच्या तोंडावर दार लावणं. नुरपेयिसला हे पक्कं ठाऊक होतं. तो जिल्हा कचेरीत नोकरीला असला तरी वाढला होता आमच्यासारख्याच गल्लीत.

शनिवारी तो आला तेव्हा त्याच्या अंगात स्पर्धेचं निळं जाकीट होतं, छातीवर हिमबिबट्याचं चित्र. तसंच जाकीट माझ्याही अंगात होतं. शहरात हिवाळी खेळांची स्पर्धा भरायची होती, देशोदेशीचे खेळाडू येणार होते, आणि पदार्थविज्ञानाची पदवी घेतल्यावर मला पहिली नोकरी मिळाली ती स्केटिंगच्या मैदानावर बर्फाचं तापमान सांभाळायची. ते अर्ध्या अंशाने जरी चढलं तरी माझा फोन वाजायचा.

“आपाय, उद्या आसार आहे,” नुरपेयिस जेनेप आपायला म्हणाला. गल्लीच्या तोंडावरचं पहिलं घर तिचं, आणि सगळी गल्ली तिला आपाय, म्हणजे ताई, म्हणते. “पाहुणे यायच्या आधी गल्ली नीट करायचीय.”

“आली बाबा एकदाची आमची आठवण! नळाचं काम ना?” एवढं बोलून आपायने जीभ चावली. “राहू दे. येतो आम्ही.”

तिचा नवरा किदिराली आगा खिडकीपाशी बसून ऐकत होता. त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या आहेत. सोमवार, बुधवार, शुक्रवार अशी तीन दिवस सकाळी इस्पितळाची गाडी मोठ्या रस्त्यावरून वळून थेट दारापर्यंत येते आणि त्याला रक्त शुद्ध करायला घेऊन जाते. एक खेप चुकली की पाय सुजतात, श्वास लागतो. दोन खेपा चुकल्या तर काय होईल ते गल्लीत कुणी बोलून दाखवत नाही. गल्लीचं दुसरं टोक घळीत उतरतं. हिवाळ्यात त्या वाटेने कुत्रंसुद्धा बसत बसत खाली जातं.

रविवारी ट्रक आला, त्यात लोखंडी खांब आणि हिरवे पत्रे. पत्र्यांवर चित्रं रंगवलेली: नमद्याचे तंबू, फुललेली सफरचंदाची झाडं, पांढरे घोडे.

“घोडे बघा किती माजलेत,” टॅक्सी चालवणारा तुर्गान म्हणाला. “कचेरीच्या कुरणात चरत असणार.”

सगळे हसले आणि कामाला लागले. जमीन दगडासारखी गोठलेली. पहार मारली की हातात झिणझिण्या यायच्या. मोठ्या रस्त्याच्या कडेने आम्ही एकेक खड्डा खणत गेलो, खांब उभे करत गेलो. मला वाटलं, रस्त्यावरच्या गाड्यांपासून पोरांना आडोसा करतायत. तुर्गानला वाटलं, नंतर फाटक बसेल. प्रत्येकाने मनाशी काहीतरी चांगलंच धरलं होतं, आणि आसारात विचारायचं नसतं.

मी एकदाच बोलले, तेही काँक्रीट थंड पाण्यात कालवताना पाहिलं म्हणून.

“नुरपेयिस आगा, एवढ्या थंडीत हे धरणार नाही. घट्ट व्हायच्या आधी आतलं पाणी गोठेल.”

“तोल्किन, तू तुझा बर्फ बघ,” नुरपेयिस म्हणाला.

दुपार उलटून गेली. कुठेही चूल पेटलेली दिसेना, पातेलं नाही, साधा चहाही नाही. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. तेवढ्यात आम्ही गल्लीच्या तोंडाशी पोचलो आणि नुरपेयिसने जमिनीवर बुटाने खुणा केल्या. एक इथे, एक इथे, एक इथे. ऐन वाटेत.

जेनेप आपायने पहार खाली ठेवली. “इथं फाटक येणार ना रे?”

“नाही आपाय. इथंही पत्रेच. स्पर्धा संपेपर्यंत.”

“आणि गाडी?”

“कुठली गाडी?”

“यांची गाडी! इस्पितळाची! उद्या सोमवार आहे.”

“मागच्या वाटेने न्या ना. थोड्याच दिवसांचा तर प्रश्न आहे.”

“मागच्या वाटेने? घसरगाडीवर बसवून सोडून देऊ घळीत? मग खाली पदक घेऊन उभा राहा तू!”

नुरपेयिसने आवाज खाली आणला. “आपाय, समजून घ्या. याच रस्त्याने खेळाडूंच्या बसगाड्या डोंगरावर जाणार. आत बघितलं की काय दिसतं? राखेचे ढीग, वाळत घातलेले कपडे, ते तुमचं कोंबड्यांचं खुराडं. सगळ्या जगासमोर शहराच्या अब्रूचा प्रश्न आहे.”

“माझ्या खुराड्याने जाते तुझी अब्रू?”

“वरून हुकूम आहे.”

“बरं,” आपाय म्हणाली. “जेवण कुठंय?”

“काय?”

“आसाराला बोलावलंस ना? सकाळपासून राबतोय आम्ही. पातेलं कुठंय तुझं? सोर्पा कुठंय? भाकरीचा तुकडा तरी?”

तो हसायला गेला, पण बाकी कुणी हसलं नाही. “त्याची तरतूद नव्हती,” तो म्हणाला.

“मग हा आसार नव्हता. वेठ होती. तसं सांगायचं होतंस काल. तोंड उघडून सांगायचं होतंस की स्वतःच्या हाताने स्वतःची वाट बुजवायला या!”

आम्ही फावडी टाकली. त्याने फोन करून भाड्याची माणसं बोलावली. दिवस मावळायच्या आत त्यांनी वाटेतले खांबही रोवले आणि पत्रे ठोकले. गल्लीच्या बाजूला पत्र्यांना रंगही नव्हता. सगळे घोडे रस्त्याकडे तोंड करून.

मी स्पर्धेच्या मदत क्रमांकावर फोन लावला. पलीकडच्या मुलीने गोड आवाजात विचारलं, “आपली तक्रार तिकिटाबद्दल आहे की आसनाबद्दल?” मी म्हटलं, एका माणसाबद्दल आहे. ती म्हणाली, तसा पर्याय नाही. त्याच संध्याकाळी मैदानावरून मला फोन आला, दक्षिणेच्या वळणावर बर्फ किंचित मऊ लागतोय, ताबडतोब या. एका वळणाच्या बर्फासाठी माणसं धावत होती, आणि इथे किदिराली आगा खिडकीत बसून पत्र्याच्या मागच्या बाजूकडे बघत होता. मी जाकीट काढून खुंटीला लावलं आणि फोन बंद केला.

सोमवारी उजाडताच दारावर थाप पडली. जेनेप आपाय, डोक्याला लोकरी शाल, बाह्या कोपरापर्यंत वर.

“आज माझ्याकडे आसार आहे,” ती म्हणाली आणि पुढच्या दाराकडे गेली.

कशासाठी, ते कुणी विचारलं नाही.

आम्ही तोंडाशी जमलो. तुर्गानने एका खांबाला नुसता हात लावून हलवलं, तर तो हिरडीतल्या सुट्या दातासारखा हलला. बुडाशी काँक्रीट कसलं, वाळू आणि बर्फाचा भुगा होता.

“तोल्किन, तुझं शिक्षण कामी आलं गं,” तो म्हणाला. “आधी सांगायचं होतंस!”

“सांगितलं होतं.”

“मला सांगायचं होतंस!”

आम्ही खांब उपटले, पत्रे सोडवले आणि भिंतीला नीट टेकवून ठेवले. गाडी आली ती नेहमीसारखी वळली आणि दारापाशी थांबली. मधल्या वेळात काय काय घडून गेलं याची ड्रायव्हरला गंधवार्ता नव्हती. किदिराली आगा पांघरूण घेऊन आत बसला, गाडी गेली.

मग आपायने वाटेतच, जिथे खांब होते तिथे, चटया अंथरल्या. मोठं पातेलं आणलं. मटणाचा वाफाळता सोर्पा, तळलेल्या पिठाच्या बाउरसाकांची टोपली, दुधाचा चहा. खऱ्या आसारात असतं तसं. आम्ही जेवत होतो तेव्हा नुरपेयिस आला, जवळजवळ धावतच.

“कोणी काढलं हे?”

“ज्यांनी घातलं त्यांनी,” तुर्गान म्हणाला.

“नावं सांगा! सरकारी मालमत्ता आहे ही! दुपारी इथून तपासणीचं पथक जाणार आहे!”

“बस,” आपाय म्हणाली.

“आपाय, मी बसायला आलेलो नाही.”

“काल तू बोलावलंस, आम्ही आलो. आज मी बोलावलंय. तुझा उशीर झाला, काम संपलं, पण जेवण आहे.” तिने वाडगा त्याच्या हातात दिला. गरम वाडगा होता, टाकता येईना. तो उभ्याउभ्याच धरून राहिला. मग एक घोट घेतला. कालपासून त्यानेही काही खाल्लं नसावं.

गाडी दुपारी परत आली तेव्हा तो अजून तिथेच होता, फोनवर कुणाला तरी समजावत. किदिराली आगा उतरला. चेहरा पांढराफटक, पण श्वास सरळ. अंथरलेल्या चटया, पातेलं, निळ्या जाकिटातला तरुण, एवढं त्याने पाहिलं आणि जेवणानंतर वडीलधारी माणसं करतात तसे दोन्ही तळवे वर करून आशीर्वाद द्यायला लागला.

“ज्यांनी आज आमच्यासाठी हात मळवले त्यांच्या घरांना दारं असू देत. दारांना वाट असू दे. वाटेवरून येणारं माणूस असू दे.”

आम्ही तळवे वर केले. नुरपेयिसनेही केले, फोन हातात तसाच, आतून कुणीतरी ओरडत होतं. आशीर्वाद चालू असताना हात खाली ठेवत नाहीत. शेवटी सगळ्यांबरोबर त्यानेही तोंडावरून हात फिरवला. तरीही जाताना म्हणाला, “संध्याकाळी पत्रे परत लागतील.”

आणि लागले. पुन्हा आसार म्हणायचं धाडस त्याला झालं नाही. भाड्याचीच माणसं आली. पण त्यांना तीन पत्रे कमी पडले. गल्लीभर शोधलं, कुणालाच काही माहीत नव्हतं. गाडी जाईल एवढी फट राहिली ती राहिलीच, आणि बदली पत्रे मागवायचे तर ते हरवले कसे हे नुरपेयिसला लिहून द्यावं लागलं असतं. आदल्या दिवशी माणसं कोणत्या नावाखाली राबवली, हेही मग निघालंच असतं.

नोकरी मी सोडली नाही, ती मला हवी होती. उद्घाटनाच्या दिवशी खेळाडूंच्या बसमधूनच मी डोंगराकडे निघाले. हिरवं कुंपण लागलं: तंबू, झाडं, घोडे. शेजारची परदेशी मुलगी हरखून फोटो काढत होती. मग फट आली. राखेचे ढीग, वाळत घातलेले कपडे, खिडकीत किदिराली आगा आणि जेनेप आपायचं कोंबड्यांचं खुराडं. खुराड्याला नवं छप्पर होतं. त्यावर तीन पांढरे घोडे उधळले होते.