दाराला टेकवलेला मणका

“अरे, हळू लोट! धोंडा नाही तो. कुणाच्या तरी पाठीचं हाड आहे.”

मित्रांनो, माणसाचा पहिला आवाज मी ऐकला तो हा, ओसी आजीचा. तिच्या नवऱ्याच्या नांगराला मी लागलो होतो आणि तो मला ओढ्यात ढकलायला निघाला होता. आजीने पदराने माती पुसावी तशी आपल्या एप्रनने माझी माती पुसली आणि मला घरी आणवलं.

मी एक जुना मणका आहे. किती जुना, यावरूनच पुढे सगळं बिनसलं. आज जिथे अमेरिकेतल्या अलाबामाचा कापूस फुटतो तिथे तेव्हा समुद्र होता, आणि मी एका लांबलचक देवमाशाच्या पाठीत होतो. त्याला मागे दोन पाय होते. इवलेसे, चालायच्या कामाचे नव्हेत, पण होते. देवमासा मेला, तळाशी गेला. वर चिखल आला, चिखलाची माती झाली, मातीचं शेत झालं. मी मात्र दगड होऊन पडून राहिलो.

ओसी आजीच्या ओसरीत मी बैठक झालो. माझ्यावर बसून तिच्या दोन नातवंडांनी पावट्याच्या शेंगा सोलल्या. मोठी आयडेल, धाकटा हॉयट. कुणी आधी बसायचं यावरून रोज भांडण.

“ऊठ ना ताई, माझी पाळी!”

“आधी टोपली रिकामी कर, मग राज्य कर!”

ते दिवस गोड होते. मला कुणी काही विचारत नव्हतं.

आयडेल शिकली आणि गावच्या हायस्कूलमध्ये विज्ञानाची बाई झाली. पहिल्याच वर्षी तिने मला वर्गातल्या टेबलावर ठेवलं. पुस्तकाच्या आतल्या पानावर सरकारने चिकटवलेली एक चिठ्ठी असे: उत्क्रांती हा एक वादाचा सिद्धांत आहे, हे ध्यानात ठेवून वाचावे. बाकीचे मास्तर ती चिठ्ठी वाचून उत्क्रांतीचा धडाच ओलांडत. आयडेल चिठ्ठी वाची, पान उलटवी आणि म्हणे, “आता एकेक जण पुढे या. हात ठेवा.”

बावीस वर्षं पोरांचे हात माझ्यावर पडले. शाईचे, घामाचे, शेंगदाण्याच्या लोण्याने चिकट झालेले.

“मिस आयडेल, ह्याला पाय होते तर मोजे कोण विणायचं?”

“तुझ्यासारखाच रिकामटेकडा कुणीतरी. बस खाली!”

हॉयट चर्चमधला मोठा माणूस झाला होता. पशुखाद्याचं दुकान चांगलं चाले, शाळेच्या समितीवरही तो निवडून आला. दर वसंतात एका रविवारी तो मला चर्चच्या शाळेत नेई आणि बायबल उघडून मुलांना सांगे, “बघा, नोहाच्या महापुराचा पुरावा.” सोमवारी सकाळी परत आणून ठेवी. दोघंही माझ्यावरच हात ठेवायला लावत. बहीण हसून म्हणे, “ने, पण पाडू नकोस.” गावात हे असंच चालून जाई.

अशाच एका सोमवारी मला टेबलावर ठेवून हॉयट दारातच थांबला, टोपी हातात धरून. तास सुरू झाला होता. पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, “मिस, मग चर्चमध्ये सांगतात ते खोटं का?”

आयडेल म्हणाली, “तुझ्या श्रद्धेला हात लावायचं काम मला कुणी दिलेलं नाही, बाळ. ती तुझी आणि तुझ्या घरच्यांची. इथे आपण हाड बघतो. बघ आणि विचार कर.”

एवढंच. मी तिथे होतो. हॉयटही होता.

ती मुलगी घरी काय बोलली, कुणास ठाऊक. रविवारपर्यंत गोष्ट अशी झाली, की आयडेल प्रुइटने भर वर्गात बायबल खोटं म्हटलं.

शाळेच्या जेवणघरात समितीची सभा भरली. आधी प्रार्थना झाली, मग गोड थंड चहा फिरला. मला पुढे मांडलं होतं, चोरीच्या मालासारखं. आयडेल म्हणाली, “मी तसं बोलले नाही.” मागून आवाज आला, “म्हणजे आमची पोरगी खोटारडी?” तिच्याकडून विज्ञान काढून घ्यावं का, यावर दोन मतं इकडे, दोन तिकडे. उरलं हॉयटचं.

अध्यक्षांनी विचारलं, “हॉयट, तुझी तर बहीण. तुला काही ठाऊक आहे?”

जेवणघरात सगळी त्याचीच गिऱ्हाइकं, त्याच्याच चर्चमधली. त्याने माझ्याकडे पाहिलं, बहिणीकडे नाही. “मला कसं ठाऊक असणार?” म्हणाला, आणि हात वर केला.

आयडेलचा विज्ञानाचा तास गेला. निवृत्तीपर्यंत ती पोरांना मोटार चालवायला शिकवत राहिली. विज्ञान फुटबॉलच्या मास्तरांकडे गेलं. ते म्हणत, “हा धडा घरी वाचा,” आणि मला त्यांनी चेंडूंच्या खोलीच्या दाराला टेकवलं. वाऱ्याने दार आपटू नये, हे माझं नवं काम. समुद्र कापत गेलेल्या पाठीचा मी तुकडा. लाथेने सरकवला जाऊ लागलो.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. दगडाला कसली जपणूक? पण जे कानांनी ऐकलं, ते विचारल्यावर सांगा. मला तोंड नव्हतं. ज्याला होतं, त्याने ते मिटलं.

बारा वर्षांनी जुनी शाळा पाडायला घेतली. त्या दिवशी हॉयट आला, पाठीत वाकलेला. मला कसंबसं गाडीत घातलं आणि ओसी आजीच्या ओसरीत आणलं. आयडेल एकटी शेंगा सोलत बसली होती. त्या सभेनंतर दोघं बोलली ती फक्त आईच्या दफनाच्या दिवशी, पुढे नाही.

त्याने मला तिच्या पायाशी ठेवलं. बसला नाही.

“ताई, त्या सोमवारी मी दारातच होतो. तू तसं काही बोलली नव्हतीस. मी सगळं ऐकलं होतं.”

तिच्या हातातली शेंग फुटली. दाणे टोपलीत पडले.

“मला ठाऊक आहे,” ती म्हणाली. “दिसला होतास तू. सभेत तुझं नाव घेऊ शकले असते. घेतलं नाही. वाटलं, माझा भाऊ आहे, आपणहून उठेल.”